शाळेजवळची टपरी आणि आपली पोरं



शाळेजवळची टपरी आपल्या सगळ्यांच्या नजरेखालची. खाली बरण्यांत गोळ्या-बिस्किटं, वर तोरणासारख्या लटकणाऱ्या पुड्या. गोळी घ्यायला गेलेलं पोरगं रोज त्या पुड्या बघतं. याबद्दल कायदा काय सांगतो आणि आपण बचत गटाच्या बायका काय करू शकतो, ते आज समजून घेऊ.

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं शाळा-कॉलेजच्या कुंपणापासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. 18 वर्षांखालच्या मुलांना तर कुठंच विकायची नाही. या कायद्यातला दंड जेमतेम 200 रुपयांपर्यंत. पण 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे.

आता व्हेप, म्हणजे ई-सिगारेट आली आहे. दिसते पेनासारखी, वास येतो फळांचा. दप्तरात सापडली तरी आईला ओळखू येत नाही. आत बहुतेक वेळा निकोटीनच असतं, तंबाखूची चटक लावणारं तेच. 2019 पासून ती देशभर बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात 1 वर्षापर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायदा सगळ्यांना एकच, मग सगळीकडं सारखा का पाळला जात नाही? बंगल्यांच्या कॉलनीतले पालक तक्रार करतात आणि त्यांचं ऐकलं जातं. इचलकरंजीतली यंत्रमाग कामगारांची वस्ती बघा, नाहीतर शिरोली एमआयडीसीजवळच्या भाड्याच्या खोल्या. बारा तासांची पाळी करणारा माणूस झोप आणि भूक मारायला तंबाखू मळतो. गिऱ्हाईक तिथं, म्हणून टपऱ्याही तिथं, आणि पोरांची शाळाही तिथंच. कामाचा खाडा करून तक्रार द्यायला जाणार कोण? पोरांना पाकीट परवडत नाही, सुटी सिगारेट परवडते. सुटी घेतली की पाकिटावरचं धोक्याचं चित्रही दिसत नाही. म्हणून तर 2020 मध्ये राज्यानं सुट्या सिगारेट-बिडीची विक्री बंद केली.

एकटीला जमत नाही ते गटाला जमतं. आधी टेपनं अंतर मोजा. 'तंबाखूमुक्त शाळे'च्या नियमांत तिथं पिवळी रेघ मारायला सांगितलं आहे, ती मागून घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीच्या निम्म्या जागा बायकांच्या असतात. तिथं विषय मांडा, मग महिला सभेत आणि ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावाची प्रत जोडून पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

एक अवघड गोष्ट उरते. टपरी कधी आपल्याच गटातल्या एकट्या बाईची असते. हाकललं तर तिची चूल बंद, गप्प बसलो तर पोरं हातची जातात. पण बंदी तंबाखूवर आहे, टपरीवर नाही. वह्या-पेनं, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू यांचा माल भरायला गटातून तिला कर्ज द्या, आणि आधी आपण तिच्याकडून घ्यायला लागा.

पोराच्या खिशात पुडी सापडली तर मारू नका. कुणी दिली ते विचारा. सोडवायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा फोन मोफत आहे. आपल्या घरातल्या मिश्रीच्या डबीसाठीही तोच नंबर चालतो, बरं का.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा विषय घ्या.