खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय (लेखांक 11) : चौथ्या दिवशी नाहीसे होणारे ठिपके

या लेखांकात मखमली रोगाचा विचार व्हायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलणे भाग आहे, कारण तांब्याच्या उपचारासंबंधी एका वाचकाने उपस्थित केलेली शंका आधी निकालात काढावी अशी आहे. ‘प्रवाळांना निर्धोक’ अशी ग्वाही देणारे औषध मुख्य टाकीतच घातले आणि टँग माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके चौथ्या दिवशी गेले, तर विलगीकरणाच्या टाकीचा खटाटोप हवाच कशाला, अशी ही शंका आहे.

ते ठिपके औषध न घालताही गेले असते. ब्राउन यांनी 1951 मध्ये ज्याला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले, तो एकपेशीय परजीवी माशाच्या बाह्यत्वचेखाली तीन ते सात दिवस राहतो, तेथील पेशींवर पोसतो आणि पूर्ण वाढ झाली की आपण होऊन मासा सोडतो. या अवस्थेला ट्रॉफाँट म्हणतात. तळाशी गेल्यावर तो वाळूला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती टणक कवच तयार करतो; हा टोमाँट. कवचाच्या आत विभाजन होत राहते आणि कालांतराने एकेका टोमाँटमधून दोनशेपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक, थेराँट म्हणजे पोहणारी पिल्ले बाहेर पडतात, ज्यांना साधारण एका दिवसाच्या आत मासा सापडला नाही तर ती मरतात. मासा सोडणे आणि कवचातून बाहेर पडणे, या दोन्ही घटना प्रामुख्याने अंधारात घडत असल्याने पिल्लांची गाठ नेमकी दगडांच्या कपारीत विसावलेल्या माशांशी पडते, आणि सकाळी स्वच्छ दिसणारा मासा पाहून मालक औषधाचे गुण गाऊ लागतो.

तांब्याची मात्रा त्वचेखालच्या ट्रॉफाँटला लागू पडत नाही आणि कवचातल्या टोमाँटलाही नाही. ती मारते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणूनच मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम इतके, किमान तीन आठवडे आणि बहुधा त्याहून अधिक काळ, अखंड टिकवावे लागते. ते खाली घसरले तर पिल्ले वाचतात, फार वर गेले तर मासाच दगावतो. (बद्ध तांब्याच्या तयार औषधांची मात्रा निराळी आणि पुष्कळ मोठी असते, तेथे बाटलीवरील सूचनाच प्रमाण मानावी.) मुख्य टाकीत हे प्रमाण टिकतच नाही, कारण चुनखडीयुक्त दगड आणि वाळू तांबे शोषून घेतात, आणि शिल्लक राहिलेले तांबे कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांचा बळी घेते. विलगीकरणाच्या टाकीत वाळू न घालता लपण्यासाठी केवळ पीव्हीसी नळीचे तुकडे ठेवतात, ते याच कारणासाठी.

आता मुख्य टाकीविषयी. टोमाँटमधून पिल्ले बाहेर पडण्यास तीन दिवसांपासून 72 दिवसांपर्यंत कितीही अवधी लागल्याच्या नोंदी आहेत. बहुतेक टोमाँट महिन्याभरात फुटतात, म्हणून सहा आठवडे टाकी माशांविना ठेवणे पुरेसे मानणारेही आहेत. प्रस्तुत लेखमालेचा कौल मात्र 72 दिवस उलटून जाऊ देण्याकडेच आहे.

शंका विचारणाऱ्या वाचकाने केवळ टँगच नव्हे, तर त्या टाकीतील प्रत्येक मासा बाहेर काढावा. परजीवी नुसता कल्ल्यांत असेल तर अंगावर एकही ठिपका दिसत नाही, आणि असा एक मासा मागे राहिला तरी टाकी माशांविना राहिली असे होत नाही. तांबे मोजण्याचा संच मात्र औषधाच्या आधी विकत घ्यावा.