यवतमाळमध्ये इतक्या वस्त्यांच्या नावात 'तांडा' का असतो?

कॅराव्हॅनमध्ये सामान भरायचं, कुत्र्याला सोबत घ्यायचं आणि निवांत भटकायचं, असे रील्स तुम्ही पाहिले असतील. पण घरदार आणि कुत्रे घेऊन फिरणारे काफिले आपल्याकडे शेकडो वर्षं होते. त्यांनाच तांडा म्हणत.

हे तांडे बंजारा समाजाचे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते समुद्रकिनाऱ्यापासून आतल्या मुलखापर्यंत पोहोचवायचे. या व्यापाराला 'लदेणी' म्हणतात. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक. मुक्काम पडला की रात्री माल आणि जनावरं राखायचं काम कुत्र्यांचं.

मग हे फिरणं थांबलं का? रेल्वे आणि पक्के रस्ते आले, तसा बैलांवरचा व्यापार बसला. त्यात १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. पुढे बंजारा समाजालाही त्याची झळ बसली. फिरणं हाच संशय ठरला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे.

पोटापाण्यासाठी अनेक तांडे एका जागी थांबून शेतीकडे वळले. पुसद, दिग्रस भागातल्या वस्त्यांनी नाव मात्र जुनंच ठेवलं. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक याच समाजातले. त्यांचं गाव पुसद तालुक्यातलं गहुली.

त्यामुळे यवतमाळच्या रस्त्यावर 'तांडा' अशी पाटी दिसली, तर समजा, एक काफिला इथे थांबला होता.