गाण्याची कसोटी

दिवाळीला लोक गावी जातात ते फराळासाठी आणि भाऊबिजेसाठी. मीही त्यासाठीच जातो, असे घरात सांगतो. खरे सांगायचे तर मी साताऱ्याहून म्हसवडला जातो तो आबांशी वाद घालण्यासाठी.

एस. टी. स्टँडजवळ आबांचे लहानसे दुकान आहे. पूर्वी तिथे रेडिओ दुरुस्त होत आणि कॅसेटी विकल्या जात. आता मोबाइल दुरुस्त होतात. कॉलेजात असताना ‘गारवा’ची कॅसेट मी याच दुकानातून घेतली. सौमित्र यांचे शब्द, मिलिंद इंगळे यांचे संगीत. आमच्या माणदेशात पाऊस क्वचित पडतो. त्या कॅसेटीत मात्र तो दोन्ही बाजूंना पडत असे! पैसे मोजून घेताना आबा म्हणाले होते, “कॅसेट झ्याक हाय, पर ह्यो पाऊस आपल्याकडचा न्हवं.” तो आमचा पहिला वाद.

तेव्हापासून रिवाजच पडला. दर दिवाळीला प्रत्येकाने एक अल्बम आणायचा. अट एकच : गाणी चित्रपटातली नकोत, कोणी तरी आपल्या हिमतीवर केलेली हवीत. अलीकडे अशा संगीताला ‘इंडी’ म्हणतात. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला, तेव्हा त्यांच्या गाण्यांवरून आम्ही लागोपाठ तीन दिवाळ्या भांडलो. मी म्हणे, ही कविता आहे. आबा म्हणत, आहे, पण ती फ्लॅटात राहते!

पुढे एका वर्षी आबांनी ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा वाद्यवृंद ऐकवला. संतांचे अभंग, आणि साथीला गिटार व ड्रम! मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी कपाळाला आठ्या घातल्या. आबा शांतपणे म्हणाले, “सर, पेटी तरी तुकोबांच्या येळला कुठं हुती?” हार्मोनियम आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आली, हे मला ठाऊक होते. त्या वर्षी मी निमूटपणे चकली खाल्ली.

गेल्या दिवाळीची गोष्ट मात्र निराळी. पाडव्याचा दिवस होता. सिद्धनाथाचे घट बसले होते आणि देवळाकडून ढोल-कैताळाचा आवाज येत होता. आबा स्वतः गजी ढोल वाजवणारे. अशा दिवशी त्यांचे लक्ष दुकानात नसते. तरीही त्यांनी मला बसवून घेतले आणि ‘स्वदेशी’ नावाच्या मुंबईच्या रॅप करणाऱ्या मंडळींची गाणी लावली. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत ही मुले म्हणतात. त्यांचा ‘चेतावनी’ हा अल्बम २०२० सालचा. आबांना तो उशिरा सापडला होता. त्यांच्या मनात विशेष भरले होते ते २०१९ सालचे ‘द वारली रिव्होल्ट’. आरेच्या वनातली झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी तोडली जाणार होती, तेव्हाचे हे गाणे. आरेतलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे.

मी म्हटले, “आबा, आधी शब्द कागदावर उतरवू द्या. कागदावर जे टिकत नाही ते काव्य नव्हे.”

“आन् कानात टिकलं तर?”

एवढ्यात एक म्हातारी फोन दुरुस्त होण्याची वाट पाहत पायरीवर बसली होती, ती म्हणाली, “कोन लोक म्हनायचं रं हे? कुनी तरी ह्यांचं रान काढून घेतल्यालं दिसतंय.”

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. माझे अजून दुसरे कडवेही उतरवून झाले नव्हते.

आबा जिंकल्याच्या आनंदात होते. “आपल्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातलं गदिमा! त्यांनी गीतरामायण कुठं कागदासाठी लिवलं? रेडिओसाठी लिवलं.” हे खरे होते. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते गेली. पुस्तक उघडून अर्थ लावायची सोय ऐकणाऱ्याला नव्हती. एका ऐकण्यात शब्द पोचलाच पाहिजे, हीच कसोटी. मग मीही आबांना त्याच शब्दात पकडले. ‘चेतावनी’त काही ठिकाणी वाद्यांच्या दणक्यात शब्द बुडतो, ज्या गाण्याला काही सांगायचे आहे, त्याला हा दोषच! आबांनी दोन वेळा ऐकून तो कबूल केला.

वाद इथे संपायचा. पण मला राहवेना. मी आबांना एक गोष्ट सांगितली. त्याच वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला वही आणून दिली होती. घरची माणसे ऊसतोडीला जाणारी. टँकरवर, पाचटावर, कारखान्याच्या रांगेवर त्याने रॅप लिहिले होते. मी प्राध्यापकांच्या खोलीत बसून ती वही वाचली आणि लाल शाईने शेरा मारला : ‘यमके सैल. प्रतिमा नाहीत.’ मुलगा वही घेऊन गेला, तो पुन्हा माझ्याकडे फिरकला नाही.

“तुमी त्याला म्हनायला लावलं व्हतं?” आबांनी विचारले.

“नाही. मी वाचले.”

“मग सर, तुमी गानं ऐकलंच न्हाई की!”

त्यावर मला उत्तर सुचले नाही. वीस वर्षे मी ओवी शिकवतो. ती जात्यावर गायची असते, हेही पहिल्याच तासाला सांगतो. आणि माझ्या पुढ्यात आलेले गाणे मात्र मी पेपरासारखे तपासले होते.

सुटी संपल्यावर मी त्या मुलाला शोधून काढले. माझी चूक झाली, हे सांगताना जीभ जड झाली होती. मग विचारले, “वही आहे का रे?”

“वही टाकली, सर,” तो म्हणाला. “पण पाठ आहेत.”

रिकाम्या वर्गात, बाकावर बोटांनी ताल धरून त्याने म्हणून दाखवले. पाचट मला वहीत दिसले नव्हते. आता ते अंगाला चरचरले. यमके तरीही दोन-तीन ठिकाणी सैल होती, आणि ते मी त्याला सांगितलेच. या वेळी तो हसला आणि म्हणाला, “तिथं श्वास घ्यायला जागा ठेवलीय, सर.”

त्याने मग चार गाणी मित्राच्या खोलीत ध्वनिमुद्रित केली. या दिवाळीला माझ्या बाजूने तीच घेऊन मी म्हसवडला चाललो आहे. आबा त्यांत काही तरी दोष काढतीलच. त्याशिवाय त्यांची दिवाळी होत नाही, आणि माझीही!