पिकअपचे नाक वर उचलताना

अमेरिकेतील पिकअप ट्रक रिकामा उभा असला की त्याचे नाक किंचित खाली झुकलेले दिसते. हा दोष नव्हे. मागच्या हौद्यात माल भरल्यावर स्प्रिंगा दबतात आणि गाडी सपाट होते. तरी बरेच मालक पुढची बाजू उचलून मोठे टायर बसवतात, बहुधा दिसण्यासाठीच!

उचलण्याचे साधन साधे असते. पुढची स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असतील, तर त्यांच्या डोक्यावर एक जाड चकती बसवतात. एक इंचाची चकती गाडीला सुमारे दोन इंच उचलते, कारण शॉक अॅब्सॉर्बरचे खालचे टोक चाक धरणाऱ्या दांड्याच्या मध्याजवळ जोडलेले असते. ही तिसऱ्या प्रकारची तरफच. मात्र दांड्याचा कोन वाढून सांध्यांवर ताण येतो, म्हणून चकती पातळच निवडावी.

आता टायर. ३२ इंच व्यासाऐवजी ३५ इंचांचा घेतला, तर परीघ ९ टक्क्यांनी वाढतो. वेगमापक फेऱ्यांवरूनच वेग काढतो. त्याची दुरुस्ती केली नाही, तर काटा ताशी ६० मैलांवर असताना खरा वेग ६५ हून अधिक असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेकना जवळजवळ २० टक्के जास्त ऊर्जा शोषावी लागते. आसाखालची जागा वाढते ती फक्त दीड इंच.

नेहमी माल नेणाऱ्याने नाक खालीच राहू द्यावे. सपाट केलेली गाडी माल भरताच मागे बसते आणि तिचे दिवे समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येतात.