शंभरातले किती?

मृग लागून आठवडा होत आलाय. आभाळ रोज भरून येतं, वारं सुटतं आणि सगळं पुढच्या शिवारात निघून जातं. औसा तालुक्यातल्या या घरात मात्र आज कुणाचं लक्ष आभाळाकडे नाही. ओसरीवर ओल्या गोणपाटाची गुंडाळी आहे, आणि सगळे तिच्याभोवती उकिडवे बसलेत.

आत घरच्याच सोयाबीनचे शंभर दाणे आहेत. दहा-दहाच्या दहा ओळी मांडून, वर दुसरं गोणपाट टाकून, गुंडाळून सावलीत ठेवलेले. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. हा सहावा दिवस. सूनबाई हलक्या हाताने गोणपाट उलगडतात. कुबट, ओलसर वास येतो आणि पांढरे कोंब दिसू लागतात.

मोजणी सुरू होते. तिसऱ्या ओळीत त्या अडतात. "हे वाकडं आलंय. धरायचं न्हाई."

"अगं, उगवलंय की! जीव हाय त्यात," सासरे म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांवर जाड चष्मा.

"मामा, गोणपाटात जीव हाय. रानात ढेकळाखालनं वर यायचं न्हाई ते."

सासऱ्यांच्या हिशेबाने चौऱ्याहत्तर, सुनेच्या हिशेबाने एकाहत्तर. थोडी हुज्जत होते, वहीत 71 लिहिलं जातं. मी मनातून सुनेच्या बाजूचा आहे. तीन वाकडे कोंब नाकारणाऱ्या बाईला निराश म्हणणं चूक ठरेल. बी पेरायचं तिने कधीच ठरवलंय. ते किती पेरायचं, एवढंच ती आता पक्कं करतेय. उगवण सत्तरच्या वर असली की एकरी तीस किलो बी पुरतं. खाली गेली तर दर टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं.

हा काटेकोरपणा 2020 सालाने शिकवलाय. त्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा हजारो तक्रारी झाल्या. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. या घरानेही तेव्हा विकतच्या पिशव्या आणल्या होत्या. रान मोकळंच राहिलं, दुबार पेरणी करावी लागली. सोयाबीनचं बी घरचं धरता येतं, त्याला दरसाल नवी पिशवी लागत नाही, हे माहीत सगळ्यांनाच होतं. त्या वर्षापासून या घरात ते पाळलं जातं.

बियाचं झालं. आता पाऊस. कृषी खातं म्हणतं, 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. घरात पर्जन्यमापक नाही. मुलगा सकाळीच रानात खुरप्याने उकरून आलाय. "चार बोटं ओल हाय. वीतभर पायजे."

"यंदा मृगाचं वाहन कोल्हा," सासरे पंचांग बंद करत कुरकुरतात. मुलगा हसून मोबाइल पुढे करतो. त्यात ढगांचा नकाशा सरकतोय. गंमत अशी की मोबाइलवरचा अंदाज सकाळपासून दोनदा बदललाय. पंचांगातला कोल्हा निदान नक्षत्र संपेपर्यंत कोल्हाच राहतो.

सासऱ्यांची घाई वेगळीच आहे. त्यांना दिंडीबरोबर पंढरीला निघायचंय. पेरून निघायचं, हा त्यांचा रिवाज. बी मातीत टाकायचं आणि ऐन उगवणीच्या वेळी त्याच्याकडे पाठ करून चालू लागायचं, हे मला जमलं नसतं. मी तसं म्हणतो. "मी हितं बसून काय त्याला वर वढू का?" ते विचारतात, आणि सूनबाई पहिल्यांदाच मोठ्याने हसतात.

सगळं रान मात्र एका दमात पेरायचं नाही, हे ठरलंय. आधी वरचं तीन एकर. खालचं दोन एकर मागे ठेवायचं, त्याच्यापुरतं बी पोत्यात राखून. मधे पावसाने ताण दिलाच तर हात रिकामे नकोत. सासरे यावर बोलत नाहीत, पण मानेने होकार देतात.

मुलगा ट्रॅक्टरवाल्याला फोन लावतो. पलीकडचा आवाज ओसरीवर सगळ्यांना ऐकू येतो. "आधी पाऊस पडू दे की, मग बोलू."

"पडल्यावर तू घावशील व्हय? तीन एकराला माझा नंबर धर."

"अन् न्हाई पडला तर?"

"पडंल. तू एकरी भाव सांग आधी."

भाव सांगितला जातो. सूनबाई जागच्या जागी मान हलवतात आणि हात पुढे करतात. "द्या हिकडं फोन."