वाटायचा केक

वाटण्यासाठी करायचा केक साधाच असावा, असं माझं ठाम मत आहे. त्यावर क्रीम नको, साखरेची फुलं नकोत, कोणाचं नाव नको. ताज्या क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर तेवढाही नाही. तो ज्या घरात कापला त्याच घरात, त्याच संध्याकाळी संपवावा लागतो. साधा केक स्टीलच्या डब्यात बसतो, पिशवीत घालून नेता येतो, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. शेजारी दोन तुकडे, खाली वॉचमनला एक, आजारी बाईंच्या उशाशी एक असा तो सहज पांगतो.

मी दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि राहायला डोंबिवलीला. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आमचा बायकांचा ग्रुप होता. दसऱ्याला डबा सजवायचा, संक्रांतीला तिळगूळ, कोणाच्या मुलीचं ठरलं की पेढे, आणि वाढदिवस असला की केक. ठाणं येईपर्यंत तो सगळ्यांच्या हातात पोचायला हवा. उभ्याने, एका हाताने वरची कडी धरून खाता येईल असाच तुकडा लागतो. म्हणून मी गोल साचा सोडून चौकोनी घेतला. आठ इंची साच्यातून दोन इंचांचे सोळा तुकडे पडतात, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. घरीच कापायचे, डब्यात उभे लावायचे, दोन थरांमध्ये बटर पेपर.

साध्या केकचं मूळ गणित अगदी सोपं आहे. मैदा, साखर, लोणी आणि अंडी, चारही सारख्या वजनाची. हे जुनं इंग्रजी प्रमाण आहे. हॅना ग्लास या बाईंच्या 1747 सालच्या पाककृतींच्या पुस्तकात मैदा, साखर आणि लोणी एकेक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि बारा अंडी (पांढरं मात्र निम्म्यांचंच) घ्यायला सांगितली आहेत आणि मिश्रण तासभर हाताने फेटायला सांगितलं आहे. तासभर, कारण तेव्हा बेकिंग पावडर नव्हती. केक फुगायचा तो फेटून आत कोंडलेल्या हवेवर. बेकिंग पावडर आली 1843 मध्ये. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. तिला पाव खाता यावा म्हणून त्याने ही पूड तयार केली. आज जगभर कोट्यवधी घरांत ती चमच्याने मोजली जाते. विज्ञानाच्या तासाला मी ही गोष्ट नेहमी सांगायचे. मुलं सूत्रं विसरतात, हे विसरत नाहीत.

आपल्या घरातलं प्रमाण असं. चार अंडी फोडली की आतला ऐवज साधारण दोनशे ग्रॅम भरतो. मग लोणी दोनशे, साखर दोनशे, मैदा दोनशे, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि थोडा व्हॅनिला. मीठ चिमूटभर, पण बाजारातलं पिवळं टेबल बटर वापरणार असाल तर मीठ घालू नका, ते मुळातच खारट असतं. अंडी लहान असली तर आधी त्यांचं वजन करा आणि बाकीचं त्याप्रमाणे घ्या. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, इतर काही नंतर. वाटीने मोजलेला मैदा कधी दाबून भरला जातो, कधी सैल, आणि तेवढ्यानेसुद्धा केक कोरडा पडतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो लोणी आणि साखर फेटायला. इथे मी कधीच घाई करत नाही. लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. बोट दाबलं की खळगा पडावा, पण चकाकी येऊ नये. साखरेच्या दाण्यांच्या कडा लोण्यात घासतात आणि प्रत्येक घासणीबरोबर हवेचे बारीक बुडबुडे आत शिरतात. वितळलेल्या लोण्यात हे बुडबुडे टिकत नाहीत. मिश्रणाचा पिवळा रंग फिका, जवळजवळ पांढरा होईपर्यंत फेटायचं. यंत्राने पाचेक मिनिटं लागतात, हाताने पंधरा. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही. फेटताना जे आत गेले तेच ती वायूने फुगवते. त्यामुळे इथे आळस केला तर पावडर कितीही घाला, केक घट्टच होणार. मुंबईच्या उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, पंखा लावून करावं. पुण्या-नाशिकच्या थंडीत उलट, लोणी रात्रीच बाहेर काढून ठेवावं.

अंडी एकेक करून घालायची, तीही फ्रिजमधून तासभर आधी काढलेली. थंड अंडी पडली की लोणी गोठतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तसं झालं तर चमचाभर मैदा घाला, ते पुन्हा सांधतं. मैदा मात्र शेवटी, चाळून, आणि हलक्या हाताने कालवायचा. कणीक मळून ठेवली की ती लवचीक होते ना, तोच गुण मैद्यातही आहे. ओला मैदा जितका घुसळाल तितका त्यातल्या प्रथिनांचा चिवट धागा तयार होतो. पोळीला तो हवा, केकला नको. पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबायचं.

मग 180 अंश सेल्सिअसला, दहा मिनिटं आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये, पस्तीस ते चाळीस मिनिटं. आत पंखा असलेला ओव्हन असेल तर वीस अंश कमी. पहिल्या पंचवीस मिनिटांत दार उघडू नये. त्या वेळी केक नुसत्या गरम वायूवर आणि वाफेवर उभा असतो; अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च अजून घट्ट झालेले नसतात. गार वारा आत गेला की मधोमध तो बसतो. सुरी मध्यभागी खुपसून कोरडी बाहेर आली, कडा साच्यापासून सुटल्या, की झाला. साच्यात दहा मिनिटं, मग जाळीवर, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही. मुलं भोवती घोटाळत असली तरी नाही.

ओव्हन नाही म्हणून केक नाही, असं आपल्याकडे कधी नव्हतंच. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथे भाद्रपदात परसात मोठी, जून झालेली तवसी, म्हणजे काकड्या, असायची. आई ती किसून त्यात तांदळाचा तुपावर भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं आणि वेलची घालायची. पाणी एक थेंब नाही. तवशाच्याच पाण्यात रवा शिजायचा. मग जाड बुडाच्या पातेल्यात थापून खाली मंद निखारे आणि वर झाकणावरही निखारे. हे धोंडस. खाली-वर दोन्हीकडून उष्णता मिळाली की पदार्थ भाजला जातो, एवढंच तर ओव्हनचं तत्त्व. सिंधुदुर्गात याचीच बहीण तवसोळी. गोव्यात बिबिंकाचा एकेक थर असाच वरच्या निखाऱ्यांवर भाजतात. धोंडसाच्या वड्या कापल्या की आई पहिल्यांदा शेजारच्या तीन घरांच्या वाट्या भरायची आणि मग आमच्या.

नंतर शहरांत आला तो गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन, झाकणाला काचेची खिडकी असलेला. सत्तर-ऐंशीच्या दशकात कित्येक मराठी घरांत पहिला केक त्यात झाला, आणि तो ओव्हन चाळीत या घरातून त्या घरात फिरायचा. ज्यांच्याकडे तोही नव्हता ते दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचे आणि भट्टीतून नानकटाईचे डबे भरून आणायचे. भट्टी सगळ्या वस्तीची, नानकटाई ज्याची त्याची.

आजही ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाचं जुनं पातेलं घ्यावं. तळाला बोटाच्या पेराएवढं जाडं मीठ, त्यावर रिंग किंवा उलटी ताटली, वर साचा आणि घट्ट झाकण. पातेलं आधी दहा मिनिटं तापवून घ्यायचं, मग आच मंद. कुकरमध्ये करायचं असेल तर शिट्टी आणि रबर काढलेलंच हवं आणि तो कुकर पुन्हा डाळ-भाताला वापरू नये. कोरडा तापवल्याने त्याचं नुकसान होतं. म्हणूनच मी पातेलं सुचवते.

अशा पातेल्यात सगळ्यात चांगला होतो तो रव्याचा केक, आणि वाटायचं म्हटलं की तो यायलाच हवा, कारण आपल्या ओळखीतली निम्मी घरं अंडं खात नाहीत. दीड वाटी बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी आंबट नसलेलं दही, अर्धी वाटी पातळ केलेलं तूप, अर्धी वाटी दूध. अर्धा तास झाकून ठेवायचं. रवा दुधा-दह्याचं पाणी पिऊन फुगतो. घट्ट झालं तर थोडं दूध आणखी. साच्यात घालण्याच्या अगदी आधी पाऊण चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. सोड्याला आंबट लागतं, ते दह्यातून मिळतं आणि वायू लगेच सुटू लागतो. मिश्रण ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसलं तर तो उडून जातो. सोडा हात सैल सोडून घालू नये. दह्याला पुरून उरलेल्या सोड्याचा उष्णतेने धुण्याचा सोडा होतो आणि केकला साबणाची चव येते. वरून टुटी-फ्रुटी घाला, नाहीतर काहीच नको.

गोव्यातले ख्रिस्ती लोक नाताळाला रवा आणि ओल्या नारळाचा बाथ करतात. त्यात अंडी आणि लोणी असतं, आणि मिश्रण भिजवून ठेवून मग भाजतात. नाताळच्या फराळाची ताटं तिथे शेजारपाजारच्या हिंदू घरांत जातात, आणि चतुर्थी-दिवाळीला त्याच घरांतून नेवऱ्या परत येतात. मला वाटतं, केकने आपल्या भागात मुळं धरली ती अशा ताटांमधून. मुंबईत इराणी बेकऱ्यांनी तेच काम रस्त्यावर केलं. ग्रँट रोड स्टेशनसमोरची 1914 सालची मेरवान बेकरी मावा केकसाठी प्रसिद्ध झाली. खवा घातलेला, वेलचीचा वास असलेला, कागदाच्या वाटीतला तो लहान केक कामावर जाणाऱ्या माणसाच्या चहाबरोबर चालत आला. त्यावरही क्रीम नसतंच.

वाटताना काही पथ्यं मी कटाक्षाने पाळते. अंड्याचा आणि बिनअंड्याचा केक एका डब्यात ठेवत नाही, एका सुरीने कापत नाही, आणि देतानाच स्पष्ट सांगते. ज्या घरी अंडं शिवत नाहीत तिथे पाठवायच्या केकचा साचाही वेगळा आहे. शेंगदाणे, काजू, अक्रोड असतील तर तेही सांगते, कारण काही मुलांना ते बाधतात. आणि मधुमेह असलेल्या माणसाला गुळाचा म्हणून निर्धास्तपणे केक देऊ नये. गूळही साखरच आहे, रक्तात ती तशीच वाढते. अशा माणसाला लहान तुकडा द्या, खायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. साखर कमी करायची झाली तर चौथा हिस्सा कमी करा, त्याहून जास्त नको. साखर नुसती गोडीला नसते, ती ओलावा धरते आणि केक मऊ ठेवते.

साधा लोण्याचा केक घट्ट डब्यात तीन दिवस उत्तम राहतो, पावसाळ्यात दोन. दह्याचा किंवा ओल्या नारळाचा दुसऱ्या दिवशी संपवावा. पण सोळा तुकड्यांतले बारा त्याच दिवशी बाहेर गेले तर हा प्रश्न येत नाही. डबे बहुधा रिकामे परत येत नाहीत. माझ्याकडे त्यांतून चकल्या आल्या आहेत, आंध्रातल्या शेजारणीची गोंगुराची चटणी आली आहे, एकदा ताजी मेथीची जुडी आली.

तुम्ही अजून केक केला नसेल तर पहिला केक कोणाच्या वाढदिवसासाठी राखून ठेवू नका. वाढदिवसाला पाहुणे असतात, दडपण असतं. एखाद्या साध्या रविवारी दुपारी चार अंड्यांचा किंवा दीड वाटी रव्याचा करा, घरात चार तुकडे ठेवा आणि उरलेले संध्याकाळी शेजाऱ्यांना देऊन या.