चेहऱ्याची स्वच्छता आणि त्वचेची भिंत

रायपूरलगतच्या उरला या औद्योगिक वसाहतीत लोखंड-पोलादाचे अनेक कारखाने आहेत. स्पंज लोखंडाच्या भट्ट्यांत दगडी कोळसा जळतो, गिरण्यांत तापलेले पोलाद लाटले जाते, आणि पाळी संपवून घरी परतणाऱ्या कामगाराच्या चेहऱ्यावर काजळीचा थर असतो. तो साबणाने खसाखसा घासावा आणि कातडी ओढल्यासारखी झाली म्हणजे चेहरा स्वच्छ झाला असे मानावे, ही अनेकांची रीत असते. वाचकहो, ती ओढ ही त्वचेची तक्रार होय.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून तो वहीच्या कागदाहूनही पातळ असतो. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ पीटर एलायस यांनी 1983 साली त्याला विटांच्या भिंतीची उपमा दिली. पेशी या विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे स्निग्ध मिश्रण हा त्यांना सांधणारा चुना. ही भिंत ओलावा आत राखते. धूळ व जंतू यांना बाहेर थोपविते. तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे सुमारे 5 सामूचा असतो. उलट, नेहमीच्या साबणाचा सामू 9 ते 10 असतो. असा साबण काजळीबरोबर भिंतीतील चुनाही थोडाथोडा धुऊन नेतो.

निरोगी त्वचा ही झीज आपोआप भरून काढते. मात्र त्यासाठी तिला अवधी हवा. दिवसातून चार-पाच वेळा साबण लावल्यास तो मिळत नाही. मग चेहरा कोरडा पडतो, खाज सुटते, आणि जी धूळ दूर ठेवावयाची तीच अधिक झोंबू लागते.

यास्तव काही साधे नियम पाळावेत. सौम्य साबण दिवसातून दोनदाच वापरावा. एरवी नुसते पाणी पुरते. पाणी कढत नसावे. चिकट काजळीवर प्रथम थोडे खोबरेल तेल हलक्या हाताने चोळावे, म्हणजे ती सुटते. कपडे धुण्याची पूड, सोडा व लिंबू चेहऱ्यास लावू नये. धुतल्यावर पंचाने टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच साधे मलम लावावे. खाज वा भेगा टिकून राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

धुराड्यांतील काजळी आवरणे हे कारखान्यांचे कर्तव्य आहे. ती चेहऱ्यावर आलीच, तर ती उतरविताना त्वचेची भिंत शाबूत राखणे आपल्या हाती आहे.